शंभर कोटी सात

नवी ओळख झाली की माणसं नाव विचारतात, गाव विचारतात. वामनराव राऊत वय विचारायचे. वय ऐकलं की क्षणभर डोळे मिटायचे आणि मग एकतर तुमचं अभिनंदन करायचे, नाहीतर सांत्वन.

रेवस बंदरावर लाँच कंपनीचा तिकीट-कारकून म्हणून मी रुजू झालो, त्या सकाळी ते माझ्या खिडकीशी आले.

"वय?"

"एकोणतीस."

"वा! मूळ आहात. यंदा तुम्हांला कुणी भागू शकत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पुढचं वर्ष मात्र जपा. तीस म्हणजे नुसती धर्मशाळा. दोन येतो, भागून जातो, तीन येतो, पाच येतो, सहा, दहा, पंधरा. पण घाबरू नका. तेवढं एक वर्ष काढलंत की एकतिसाला पुन्हा मोकळे."

आणि छत्री काखेत मारून ते आपल्या कचेरीत गेले. माझ्या आधीपासून तिथे असलेला शिपाई म्हणाला, "साहेब, तुमचं नशीब चांगलं. माझं वय चोवीस ऐकून ते आठवडाभर माझ्याशी हळू आवाजात बोलत होते."

जिला एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचाही पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. शाळेत आपण सगळेच हे शिकतो आणि परीक्षा झाली की टाकून देतो. वामनरावांनी टाकलं नाही, एवढंच.

ते बंदर खात्याचे कारकून होते. कुठली होडी कधी लागली, भरती किती चढली, ओहोटी किती उतरली, हे लिहायचं त्यांचं काम. उंच, वाळकी अंगलट, काळा कोट. कोटाला बटणं पाच. शिंप्याने सहा लावली होती, पण सहावं वामनरावांनी स्वतः काढून त्याचं काज शिवून टाकलं होतं. बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेली, मूलबाळ नाही. बंदराच्या मागे एका खोलीत राहायचे, स्वतः शिजवायचे.

मासळीही मूळ संख्येतच घ्यायचे. जानकी कोळीण टोपली घेऊन आली की रोज तेच नाटक.

"मास्तर, अकरा बोंबील घेतलंव, ह्यो एक वर घ्या. बारा झालं."

"नको, जानकीबाई. अकराच."

"अवो, फुकाट देत्ये!"

"फुकट असला म्हणून काय झालं? अकराला कुणी हात लावत नाही. बारा केले की चौघं भागायला येतात."

"कोन येतंय भागाया? घरात तुमी येकलं!" जानकी टोपली डोक्यावर चढवत म्हणायची. "मानूस येडा हाय, पन भाव करीत न्हाय."

त्यांच्या वाटणीची गोष्ट चौलमध्ये अजून सांगतात. तिघा भावांची मिळून तिथे सुपारीची वाडी होती. धाकट्यांना वाटणी हवी होती. वामनराव थोरले, त्यांची ना नव्हती. पण झाडं मोजली तर भरली एकशे तीन. वामनरावांनी मोजणीदारासमोर हात जोडले. "एकशे तीन मूळ आहे. वाटणी होणार नाही. माझ्या मनात असूनही होणार नाही." मोजणीदार म्हणाला, एक झाड सामाईक ठेवा. वामनराव म्हणाले, "म्हणजे भांडण सामाईक ठेवा." असं तीन वर्षं चाललं. शेवटी मधल्या भावाने एका सकाळी कोयता घेऊन एक झाड आडवं केलं आणि म्हणाला, "दादा, एकशे दोन. आता?"

वामनरावांनी उभी झाडं पुन्हा एकदा मोजली. मग म्हणाले, "चौतीस-चौतीस. घ्या." आणि आपल्या चौतिसांत तीन रोपं लावून त्यांनी सदतीस करून घेतली, तेव्हा कुठे त्यांना झोप लागली.

संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत बंदरावर रोज सभा व्हायच्या. वामनरावही घोषणा द्यायचे, मनापासून द्यायचे. मात्र परतताना मला हळूच म्हणायचे, "मागणी रास्त आहे हो. पण नाव दुसरं शोधायला हवं होतं. संयुक्त संख्या म्हणजे जिला भाग जातो ती."

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मीही नेलं. खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती सांगायला मला इतकी वर्षं लागली.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी वामनरावांनी एक संख्या हातात घेतली होती: शंभर कोटी सात. एकावर आठ शून्यं आणि शेवटी सात. हीच का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "शंभर कोटी सगळ्यांच्या तोंडी असतं. पण त्याच्या दारावरून पुढे सात पावलं जाऊन तिथे कोण राहतं, हे कुणी पाहिलंय?"

ही संख्या मूळ आहे की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. त्याला उपाय एकच: तिला भागून बघायचं. दोनाने, तिनाने, पाचाने, साताने, अकराने, असं एकेका मूळ संख्येने. एकतीस हजार सहाशे बावीसपर्यंत गेलं की थांबता येतं, कारण त्याच्या पलीकडे भाजक असलाच तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडलेला असतो. तिथवर मूळ भाजक येतात चौतीसशे एक. म्हणजे चौतीसशे एक भागाकार, कागदावर, हाताने. एकाचीही बाकी शून्य आली तर संख्या मूळ नाही, आणि आधीची सगळी पानं रद्दी.

वामनराव आठवड्याला पाच करायचे. रेवसला ओहोटी लागली की सगळीकडे चिखल उघडा पडतो आणि लाँच धक्क्याला येत नाही. उतारू वळकट्यांवर बसून पाण्याची वाट बघतात. तेवढ्या वेळात ते वही उघडायचे. भागाकार संपला की बाकी मोठ्याने वाचायचे, मान हलवायचे आणि वही मिटायचे. बाकी शून्य आली नाही, म्हणून त्यांचा चेहरा असा उजळायचा की वाट बघणाऱ्या उतारूंना वाटायचं, लाँच दिसली!

मी आलो तेव्हा ते पंधरा हजारांच्या पुढे पोचले होते. एका रविवारी त्यांनी मला खोलीवर बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, "गुप्ते, तुमचं अक्षर सुरेख आहे. थोडे भाजक घ्याल? आठवड्याला चार. रविवारी आणून द्यायचे."

मला मोठेपणा वाटला. मी हो म्हणालो.

पहिले तीन-चार रविवार मी प्रामाणिकपणे भागले. एकेका भागाकाराला वीस मिनिटं लागायची, आणि चुकला तर चाळीस. मग एका शनिवारी मी अलिबागला नाटकाला गेलो आणि रविवारी सकाळी पानं कोरी होती. आज होणार नाही, असं सांगितलं असतं तर वामनराव नुसते "बरं" म्हणाले असते. पण मी सांगितलं नाही. मी आकडे ठोकून दिले.

तेही हुशारीने. वामनराव प्रत्येक भागाकाराला नवाचा ताळा लावतात, हे मला ठाऊक होतं. जुन्या शाळांतून शिकलेल्यांना ताळा आठवत असेल. आकड्यातले अंक मिळवत जायचे, एकच उरेपर्यंत. भाजकाचा आणि भागाकाराचा ताळा गुणायचा, त्यात बाकीचा मिळवायचा. शंभर कोटी साताचा ताळा एक अधिक सात, आठ. तो जुळला पाहिजे. मी काय केलं? भागाकाराचे पहिले दोन अंक खरे काढले, पुढचे मनाला येतील ते लिहिले, आणि ताळा आठ येईल अशी बाकी शेवटी चिकटवून दिली. एका भागाकाराला दोन मिनिटं.

वामनरावांनी पान घेतलं, ओठ हलवत ताळा पाहिला आणि म्हणाले, "जुळला. साखर अजून घालू?"

त्यानंतर मी एकही भागाकार खरा केला नाही. तीन वर्षं. आठवड्याला चार. सहाशेच्या वर खोटे भागाकार सुरेख अक्षरात लिहून मी त्या माणसाच्या हातात दिले आणि त्याच्या खोलीत बसून त्याचा चहा प्यायलो.

याहून वाईट सांगायचं राहिलंय. बंदरावरच्या चहाच्या टपरीत मी त्यांची नक्कल करायचो. काखेत छत्री, डोळे मिटलेले, "वय? अरेरे, अठ्ठेचाळीस! घरचे काय म्हणतात?" लोक खदाखदा हसायचे. एकदा जानकी तिथे टोपली टेकून बसली होती. ती हसली नाही.

"गुप्तेसायेब," ती म्हणाली, "मास्तर रोज इचारतात, गुप्ते जेवले का. तुमी कवा इचारलंव, मास्तर जेवले का?"

दुसऱ्या रविवारी मी ठरवून गेलो की आज सांगायचं. वामनरावांनी दारातच माझ्या हातून पान घेतलं, कधी नव्हे ते माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमच्यामुळे हे तडीस जाणार बघा." मी चहा प्यायलो आणि परत आलो.

पुढे मला मुंबईला कंपनीच्या मोठ्या कचेरीत घेतलं. लग्न झालं, बिऱ्हाड झालं. तीन वर्षांनी वामनरावांचं कार्ड आलं. आता ते निवृत्त होऊन चौलला वाडीतल्या घरात राहत होते. लिहिलं होतं: "शंभर कोटी सात मूळ आहे. काल दुपारी शेवटची बाकी काढली. एक छोटी चोपडी छापावी म्हणतो. तीवर माझ्या नावाशेजारी आपलं नाव घालू ना? कळवावे."

कार्ड हातात घेऊन मी जिन्यातच बसलो. माझ्या सहाशेंतला एखादा भाजक खरोखरच भाग देत असला तर? कुणी प्राध्यापक ती चोपडी उघडेल, एक भागाकार करून बघेल आणि वामनरावांची तेरा वर्षं भर सभेत हसण्यावारी नेईल. हसणं कसं असतं, ते मला माहीत होतं.

मी वही आणली. ते सगळे भाजक स्वतः पुन्हा भागायचे, कुणाला न सांगता, असं ठरवलं. पाच केले. पाचांतल्या एकाचीही बाकी शून्य आली नाही. तेवढ्यावर मी समाधान मानलं आणि वही वर्षा-दीड वर्षाच्या मुलीला रेघोट्या ओढायला दिली. कार्डाला उत्तर दिलं नाही. चोपडी निघाली नाही. माझ्या होकारासाठी ती अडली असेल, हे कळत असूनही मी आणखी तीन वर्षं गप्प बसलो.

मग दुसरं कार्ड आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं, मजकूर वामनरावांचा. "काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. वह्या वाचून दाखवायला इथे कुणी नाही. जमल्यास यावे."

मी त्याच रविवारी पहिल्या लाँचने निघालो.

वामनराव ओटीवर बसले होते. कोट तोच. माझा आवाज ऐकून मान वर केली.

"गुप्ते! वय?"

"अडतीस."

"अरेरे. बसा, बसा. त्या ट्रंकेत वह्या आहेत. वरून सातवी काढा."

सातवी वही काढली. माझंच अक्षर. पहिल्याच पानावर भाजक सोळा हजार एक. मी घसा साफ केला आणि वाचायला गेलो, तर माझ्या ओळीखाली लाल शाईत, वामनरावांच्या बारीक अक्षरात, पूर्ण भागाकार मांडलेला. बाकी पंधराशे अकरा. मी पान उलटलं. पुढच्याखाली लाल. त्याच्या पुढच्याखाली लाल. शेवटपर्यंत लाल. माझा एकेक भागाकार त्यांनी पुन्हा केला होता.

मी घाईघाईने लाल शाईतलं वाचायला लागलो. "भाजक सोळा हजार एक, भागाकार बासष्ट हजार चारशे शहाण्णव, बाकी..."

"लाल नको," वामनराव म्हणाले. "ते मला पाठ आहे. तुमचं वाचा."

"वामनराव..."

"वाचा हो. बाकी किती घातलीत?"

"सोळा हजार एकवीस," मी म्हणालो. तोंडातून शब्द बाहेर पडला आणि मगच लक्षात आलं. भाजक सोळा हजार एक, आणि बाकी त्याहून वीसने मोठी! तिसरीतलं पोरही असं लिहिणार नाही.

वामनराव हसायला लागले. आधी खांदे हलले, मग ठसका लागला, मग डोळ्यांतून पाणी. "सोळा हजार एकवीस! अहो, त्या रात्री मी जेवता जेवता उठून पुन्हा बघितलं. भाजकापेक्षा बाकी मोठी! पाव्हणा घरधन्याहून धिप्पाड! एकट्याने किती हसावं माणसाने?"

"तुम्हांला केव्हापासून ठाऊक होतं?"

"तिसऱ्या महिन्यापासून. मी अकराचाही ताळा लावतो, नवाला ठोकून जुळवलेलं तिथे जुळत नाही. तुम्हांला तो सांगितला नव्हता." हे त्यांनी जरा ओशाळून सांगितलं, जणू लबाडी त्यांनीच केली होती. "पण शंका त्याआधीच आली होती. तुमचा नवाचा ताळा कधी चुकतच नसे. महिनाभर एकदाही नाही. खऱ्या भागणाऱ्याचा चुकतो हो. माझा दर आठवड्याला चुकतो."

"म्हणजे माझे सहाशे तुम्ही एकट्याने पुन्हा केलेत. काम दोन वर्षं तरी लांबलं असेल?"

"लांबलं थोडं."

"तुम्ही बोलला का नाहीत? मला पानं देणं बंद का नाही केलंत?"

वाडीत कुणीतरी रहाट फिरवत होतं, त्याची कुरकुर ऐकू येत होती.

"बोललो असतो तर तुम्ही पानं आणणं सोडलं असतंत," ते म्हणाले. "मग रविवारी कशाला आला असतात?"

मला क्षमा मागायची होती. सबंध लाँचभर वाक्यं जुळवत आलो होतो. त्यातलं एकही आठवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी भलतंच बोललो. "वामनराव, मुंबईत ऐकलं, परदेशात आता यंत्रं निघालीत. असली संख्या पाच-दहा मिनिटांत तपासतात म्हणे."

"असं?" त्यांनी विचार केला. "मग उरलेला दिवस ते यंत्र काय करतं?"

मला हसू आलं. तेही हसले. मग गुडघ्यावर हात चोळत, भीत भीत काहीतरी मागणाऱ्या माणसासारखे म्हणाले, "एक काम होतं. साताच्या शेजारी एक घर सोडून नऊ राहतो. शंभर कोटी नऊ. मला वाटतं तोही मूळ असावा. असे दोघं जवळ जवळ क्वचित सापडतात. मधला आठ सगळ्यांचाच, त्याला कुणीही भागतं. पण हे दोघं... सात एकटाच आहे असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. डोळे असते तर मीच बघितलं असतं. तुम्हांला सवड नसेल म्हणा."

"कोरी वही आहे का?" मी विचारलं.

ती ट्रंकेत तळाशी होती. शाईसकट.

दोन झाला, तीन झाला. पाच, सात, अकरा, तेरा. मी मोठ्याने भागत होतो, वामनराव डोळे मिटून बरोबर चालत होते. सतराला मी अडखळलो. दोनदा मागे गेलो. शेवटी म्हणालो, "बाकी चौदा."

"ताळा लावा."

मी अंक मिळवले. पुन्हा मिळवले. कान तापले. "जुळत नाही, वामनराव."

"जुळत नाही?" ते ताठ बसले. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "नवालाही नाही?"

"नाही. कुठेतरी चुकलंय."

"चुकणारच! करा, पुन्हा करा, घाई नाही," ते म्हणाले, आणि आत कामाला येणाऱ्या बाईला हाक मारून सांगितलं की गुप्ते जेवायला आहेत.

मी चौदावर काट मारली आणि सतराने पुन्हा भागायला बसलो.